नमुन्याचा प्रोसेसर घ्यावा काय ?

जुनी वस्तु पारखून घेण्याची विद्या मराठी गृहस्थाला नवी नाहीं. पुण्याच्या जुन्या बाजारांत सायकल घेणारा मनुष्य तिचें चाक उचलून फिरवून पाहातो, बाजाची पेटी घेणारा तिचा एकेक सूर दाबून ऐकतो, आणि जुनें पुस्तक घेणारा शेवटचें पान जागेवर आहे कीं नाहीं ह्याची आधीं खात्री करून घेतो. वस्तु जुनी आहे ह्याचें त्याला कांहींच वाटत नाहीं. ती एके काळीं नवी होती, कोणींतरी ती दुकानांतून पुरे पैसे मोजून घरीं आणली होती, आणि आतां ती दुसऱ्या संसाराला निघाली आहे, एवढें त्याला पुरेसें असतें.

संगणकाच्या बाजारांत मात्र अशी एक वस्तु मिळते कीं, जी जुनी तर आहे, पण नवी म्हणून ती कधींच विकली गेली नाहीं. संगणकाचें सारें गणित करणारी जी चिप, तिला प्रोसेसर म्हणतात, हें आतां शाळेंतील मुलांनाहि ठाऊक आहे. कारखानदार आपला नवा प्रोसेसर जगापुढें मांडण्याच्या पुष्कळ आधीं परीक्षेसाठीं त्याच्या कांहीं प्रती काढतो. त्यांना इंजिनियरिंग सँपल, म्हणजे परीक्षेचा नमुना, असें नांव आहे. परीक्षा आटोपल्यावर ह्यांपैकीं कांहीं नमुने कोठून कोठून बाहेर पडतात, हातोहात फिरतात, आणि मूळ मालाच्या किंमतीच्या लहानशा अंशांत विकावयास येतात. ते घ्यावे कीं घेऊं नयेत, हा प्रश्न वरवर पाहातां पैशाचा दिसतो.

एका घराची कल्पना करावी. वडील बँकेंतून निवृत्त झालेले, मुलगा अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गांत शिकणारा. पुराचें पाणी पुलाच्या खांबाभोंवतीं कसें वळतें आणि पायथ्याची माती कशी उकरून नेतें, हें गणितानें काढून दाखविण्याचा त्याचा प्रबंध आहे. घरच्या संगणकावर एकेक गणित चार चार दिवस चालतें. मध्येंच वीज गेली कीं पुन्हा पहिल्यापासून. एके रात्रीं तो मोठ्या उत्साहानें वडिलांपुढें येऊन बसतो.

“बाबा, इंटेलचा झीऑन प्रोसेसर आहे. छप्पन्न कोअर. नवा घ्यावा तर दहा हजार डॉलरांच्या वर जातो. तोच आपल्याला तीस-पस्तीस हजार रुपयांत मिळतो आहे.”

“अरे, पण इतका स्वस्त कां ?”

“बाजारांत यायच्या आधींचा आहे, म्हणून. बाकी सगळें तेंच.”

वडिलांच्या त्या ‘कां’चें पुरें उत्तर मुलाच्या वाक्यांत नाहीं.

छापखाना ज्यांनीं आंतून पाहिला आहे त्यांना तें चटकन् समजेल. हस्तलिखित खिळ्यांत जुळविलें कीं पहिलें मुद्रित निघतें. त्यांत चुका असावयाच्याच. त्या दुरुस्त होऊन दुसरें मुद्रित येतें, मग तिसरें, आणि अखेर ज्यावर ‘छापावयास हरकत नाहीं’ अशी सही पडते तें शेवटचें. प्रोसेसरचीहि हीच रीत आहे. आंखणी पुरी झाली कीं ती सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाच्या साह्यानें उतरवितात. शेंकडों क्रियांतून पार होऊन ती चकती कारखान्याबाहेर पडावयास कांहीं महिने लागतात. पहिल्या खेपेस निघालेल्या चिपला बहुधा ‘ए-शून्य’ म्हणतात. ती प्रयोगशाळेंत चालवून पाहातात, चुका टिपून घेतात, आंखणींत फरक करतात आणि पुन्हा चकती काढतात. फरक बेताचा असला तर आंकडा पुढें सरकतो, मोठा असला तर अक्षरच बदलतें : ए-एक, बी-शून्य, सी-शून्य. ह्या प्रत्येक पायरीला स्टेपिंग असें नांव आहे. वरच्या मुलाला भुरळ घालणारा तो झीऑन चौथ्या पिढीचा. ही पिढी १० जानेवारी २०२३ रोजीं जाहीर झाली, तीहि आधीं सांगितलेल्या मुदतीपेक्षां बऱ्याच उशिरानें. तोंवर स्टेपिंगचें अक्षर ए पासून ई पर्यंत गेलें होतें. म्हणजे ह्या ग्रंथाचीं मुद्रितें थोडीं नव्हतीं, आणि त्यांतील कोणतें मुद्रित विकावयास आलें आहे हें विक्रेत्याच्या जाहिरातीवरून कळत नाहीं.

नमुने कारखान्याबाहेर जातात तेहि सकारण. प्रोसेसर एकटा कांहींच करूं शकत नाहीं. त्याला बसावयास मदरबोर्ड पाहिजे, मदरबोर्डाला जागें करणारा बायोस नांवाचा लेख पाहिजे, संगणक बांधणाऱ्या कंपन्यांनीं आपलीं यंत्रें आणि प्रणाली लिहिणाऱ्यांनीं आपल्या प्रणाली त्याच्याशीं जुळवून घेतल्या पाहिजेत. हें सारें विक्रीच्या दिवशीं तयार असावें म्हणून कारखानदार आधींच त्यांच्या हातीं नमुने देतो. देतो म्हणजे विकत नाहीं. गुप्ततेच्या लेखी अटींवर वापरावयास देतो. इंटेलनें जाहीरपणें सांगितलेलें आहे कीं हे नमुने इंटेलच्याच मालकीचे असतात, ते विक्रीसाठीं नसतात, आणि त्यांवर कसलीहि हमी नसते.

नमुना ओळखावयाचा कसा, हेंहि सांगणें जरूर आहे, कारण पुष्कळदां तो नमुना आहे हें घेणाऱ्याला ठाऊकच नसतें. इंटेलच्या विक्रीच्या प्रोसेसरवर धातूच्या झांकणावर त्याचें नांव कोरलेलें असतें आणि त्याजवळ एस ह्या इंग्रजी अक्षरानें सुरू होणारी खूण असते. नमुन्यावर बहुधा नांव नसतें. ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’, म्हणजे गोपनीय, असे शब्द असतात आणि क्यू ह्या अक्षरानें सुरू होणारी चार अक्षरांची खूण असते. ए. एम. डी. कंपनीचा नमुना संगणकांत बसविला कीं पुष्कळदां पडद्यावर नांवाच्या जागीं स्वतःच ‘इंजिनियरिंग सँपल’ अशा अर्थाची अक्षरें दाखवितो. इंटेलचे कांहीं नमुने ‘जेन्युइन इंटेल सी. पी. यू. ००००’ असें नांव सांगतात. जेन्युइन म्हणजे अस्सल. ज्याचें अजून बारसें झालें नाहीं त्यानें स्वतःला अस्सल म्हणवून घ्यावें, ही त्यांतली गंमत.

ह्या मालाची मोठी पेठ म्हणजे चीनमधील शेन्झेन शहरांतला हुआचियांगबेई हा विजेच्या व संगणकाच्या सामानाचा बाजार. तेथून तो घरबसल्या खरेदीच्या पेढ्यांमार्फत जगभर जातो. आणि तो चालतच नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. इंटेलची सहावी पिढी ऑगस्ट २०१५ मध्यें निघाली. तिच्या नमुन्यांत आय-सात ६४००टी ह्या नांवाचा चार कोअरांचा एक प्रोसेसर होता. त्या नांवाचा प्रोसेसर दुकानांत पुढें कधींच आला नाहीं, पण नमुना मात्र चीनमधून देशोदेशीं गेला. हौशी लोकांनीं तो स्वस्तांत घेऊन, त्याचा संथ वेग आपल्या हातानें वाढवून, वर्षानुवर्षें वापरला. पूर्वीं तर कांहीं नमुन्यांवरचें वेगाचें बंधन कारखान्यानें मोकळेंच ठेविलेलें असे, आणि वेगाच्या शर्यती लावणारे लोक त्यासाठींच ते शोधीत फिरत. मुलानें वडिलांना हीं उदाहरणें दिलीं तर तीं खोटीं नाहींत.

आतां त्याचा हिशेब पाहावा. ज्या प्रोसेसरचा हा नमुना आहे, त्या झीऑन प्लॅटिनम ८४८०+ ची कारखान्यानें सुचविलेली किंमत १०,७१० डॉलर होती. नमुना त्याच्या कितीतरी खालीं मिळतो, हें खरें. परंतु तो घरच्या मदरबोर्डावर बसत नाहीं. त्याची बैठक ४,६७७ टोंकांची. तसा मदरबोर्ड सर्व्हरसाठीं किंवा मोठ्या कामाच्या संगणकांसाठींच निघतो आणि त्याची किंमत त्याला साजेशीच असते. स्मरणाच्या पट्ट्या, ज्यांना रॅम म्हणतात, त्याहि साध्या चालत नाहींत. सर्व्हरच्या जातीच्या लागतात. विक्रीच्या प्रोसेसरला ३५० वॅटपर्यंत वीज लागते, म्हणून थंड करणारा पंखा मोठा, वीज पुरविणारी पेटी मोठी. दिवसाचे आठ तास तो भरधांव चालविला तर एकट्या प्रोसेसरचीच २·८ युनिटें होतात. मराठींत ज्याला चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, तो हा प्रकार.

मसाल्यांत काटकसर करावी म्हटलें तर काय होतें, हेंहि पाहाण्यासारखें आहे. पाण्याच्या प्रवाहाचें गणित हें मुख्यतः आंकडे स्मरणांतून आणण्याचें व परत ठेवण्याचें काम असतें. ह्या प्रोसेसरला स्मरणाशीं बोलावयास आठ वाटा आहेत. आठहि वाटांवर पट्ट्या बसविल्या तरच छप्पन्न कोअरांना काम पुरतें. पैसे संपले म्हणून एक-दोनच पट्ट्या घातल्या, तर कचेरींत छप्पन्न कारकून आणि वह्या आणून देणारा शिपाई एकच, अशी अवस्था होते. कारकून बसून राहातात. विजेचें बिल मात्र येतें.

येथवरचा विचार पैशाचा झाला, आणि पैसे एकाद्याजवळ असूंहि शकतील. त्याहून अवघड गोष्ट निराळी आहे. नमुन्यांत जे दोष असतात त्यांतले कांहीं उघड असतात. मदरबोर्ड सुरूच होत नाहीं. संगणक झोंपविला कीं उठत नाहीं. एकादें कार्ड ओळखलें जात नाहीं. वेग जाहिरातींत असतो त्याच्या खालींच राहातो. बायोसची नवी आवृत्ति चढविली आणि काल चालणारा नमुना आज मुका झाला, असेंहि होतें, कारण नव्या आवृत्तींत जुन्या नमुन्यांची ओळख ठेवण्याचें कारखानदाराला कारण नसतें. ह्या सर्व गोष्टी त्रासाच्या खऱ्या, पण त्या डोळ्यांना दिसतात. न दिसणारा दोष म्हणजे चुकलेलें उत्तर.

ह्याचें प्रसिद्ध उदाहरण नमुन्याचें नाहीं, विक्रीच्या मालाचें आहे, आणि म्हणूनच तें जास्त विचार करावयास लावतें. १९९४ सालीं अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यांतील लिंचबर्ग कॉलेजांत थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज संगणकावर करीत होते. तीन आणि पांच, पांच आणि सात, अकरा आणि तेरा, अशा ज्या मूळ संख्यांत दोहोंचेंच अंतर असतें त्या जुळ्या. बेरजेचा मेळ बसेना. त्यांनीं आधीं आपल्या कामांतली चूक शोधली, मग यंत्राचा एकेक भाग संशयावरून वगळीत गेले, आणि अखेर दोष इंटेलच्या त्या वेळच्या नव्या पेंटियम प्रोसेसरमध्यें सांपडला. भागाकारासाठीं त्या चिपमध्यें १,०६६ घरांचें एक कोष्टक होतें; त्यांतलीं पांच घरें चुकून रिकामीं राहिलीं होतीं. ४१९५८३५ ह्या संख्येला ३१४५७२७ नें भागलें असतां उत्तर १·३३३८२० यावें, तें ह्या प्रोसेसरवर १·३३३७३९ येई. दशांश चिन्हानंतरचे तीन आंकडे बरोबर, चौथा चूक ! यंत्र थांबलें नाहीं, त्यानें कसली सूचना दिली नाहीं. शांतपणें चुकीचें उत्तर दिलें.

बभ्रा झाल्यावर २० डिसेंबर १९९४ रोजीं इंटेलनें मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचें जाहीर केलें, आणि त्यापायीं ४७ कोटि ५० लाख डॉलर खर्चीं टाकले. २००७ सालीं ए. एम. डी. च्या फेनॉम प्रोसेसरांत, स्मरणाचे पत्ते जपून ठेवणाऱ्या भागांत दोष निघाला. बायोसमधून त्यावर उपाय झाला तो वेग कमी करणारा, आणि खरी दुरुस्ती मार्च २००८ च्या बी-तीन ह्या स्टेपिंगमध्यें आली. २०२४ सालीं इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे कांहीं प्रोसेसर जादा विद्युद्दाबामुळें झिजून बंद पडूं लागले, तेव्हां इंटेलनें त्यांची हमी दोन वर्षांनीं वाढविली. परीक्षा संपवून, शेवटच्या मुद्रितावर सही होऊन निघालेल्या मालाची ही कथा. ह्या तिन्ही वेळीं, ज्यानें पावती घेऊन विक्रीचा माल घेतला त्याला बदली प्रोसेसर, दुरुस्तीची आवृत्ति किंवा लांबलेली हमी, कांहींतरी मिळालें. नमुना बाळगणाऱ्याला काय मागतां येणार ? विक्रीच्या प्रोसेसरमधील ज्ञात दोषांची यादी कारखानदार प्रसिद्ध करतो व ती कोणालाहि वाचतां येते. पहिल्या-दुसऱ्या मुद्रितांतल्या चुकांची यादी तो लोकांना कशाला दाखवील ?

दुरुस्तीचा आणखी एक प्रकार आहे. प्रोसेसरच्या आंत मायक्रोकोड नांवाच्या सूक्ष्म आज्ञा असतात, आणि कारखानदार त्या बाहेरून बदलूं शकतो. जानेवारी २०१८ मध्यें मेल्टडाउन आणि स्पेक्टर ह्या नांवांचे दोष उघडकीस आले. एका प्रणालीचीं गुपितें दुसरीला चोरून वाचतां येतील असे ते दोष होते, आणि त्यांवरचे कांहीं उपाय ह्या मायक्रोकोडमधूनच घरोघर पोहोंचले. पण असा उपाय प्रोसेसरची ओळख-संख्या पाहून त्याला लागू केला जातो. विक्रीच्या मालाहून ज्या नमुन्याची ती संख्या निराळी असते, तो ह्या वांटपांतून बहुधा सुटून जातो. ज्या घरांतला संगणक बँकेचे व्यवहारहि करतो, त्या घरानें ही गोष्ट क्षुल्लक मानूं नये.

पुलाच्या प्रबंधाकडे परत यावें. नाइसलींजवळ ताळा पाहाण्याचें साधन होतें आणि चिकाटीहि होती. विद्यार्थ्याजवळ ताळा पाहावयास दुसरें काय आहे ? खांबाच्या पायथ्याशीं खड्डा दोन मीटर पडेल असें उत्तर आलें आणि खरें अडीच असलें, तर पडद्यावर तें दोन मीटरच सुबक रंगांत दिसेल. परीक्षकांना दिसेल, पुढें कोणी तो प्रबंध आधाराला घेतला तर त्यालाहि दिसेल. नमुन्यांत असा दोष असेलच असें मुळींच नाहीं, बहुतेकांत नसेलहि. पण तो नाहीं असें म्हणण्याची जबाबदारी जगांत कोणींच घेतलेली नसते.

ह्या बोलण्यांत घरांतली आजी बसलेली असते. तिला कोअर आणि स्टेपिंग ह्यांतलें कांहीं कळत नाहीं, परंतु एक शब्द तिच्या कानांवर पडला आहे.

“ती कंपनी नमुने वापरायला देते म्हणालास. म्हणजे उसनेच कीं नाहीं रे ?”

“हो आजी, पण काम झाल्यावर कोणाला नको असतात ते. टाकूनच द्यायचे.”

“शेजारणीकडून आणलेलें पातेलें तिनें परत मागितलें नाहीं, म्हणून कोणी मोडीत घालतं का ?”

“तुला नाहीं कळायचं, आजी.”

“नसेल कळत. टाकून दिल्याची कंपनीची चिठ्ठी असेल तर ती दाखव म्हणजे झालं.”

आजीच्या ह्या प्रश्नापुढें तांत्रिक चर्चा लंगडी पडते. आपल्या देशांतील १९३० चा मालविक्रीचा कायदा तरी दुसरें काय सांगतो ? जो मालक नाहीं आणि ज्याला मालकाची संमति नाहीं त्यानें वस्तु विकली, तर कांहीं अपवाद सोडून, घेणाऱ्याला विकणाऱ्याहून अधिक हक्क मिळत नाहीं. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क असलाच पाहिजे, अशी अटहि त्याच कायद्यानें प्रत्येक विक्रींत गृहीत धरलेली आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वस्तु घेतली तर दुकानदाराच्या दारांत जाऊन निदान उभें तरी राहातां येतें. शेन्झेनच्या विक्रेत्यापुढें हें कलम वाचून दाखवावयास कोण जाणार ? इंटेलचा मनुष्य एका चिपसाठीं पुण्यांतल्या घराची कडी वाजवील असें नाहीं, हेंहि खरें. पण दारांत कोणी येणार नाहीं म्हणून वस्तु आपली होते, असें ज्या घरांत मुलांना शिकविलें जात नाहीं, त्या घरांत ही अडचण उरतेच.

ह्यावर जाणकार एक आक्षेप घेतील, आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. सर्व नमुने सारखे नसतात. पहिल्या-दुसऱ्या खेपेचे वेगळे, आणि अगदीं अखेरचे, ज्यांना क्वालिफिकेशन सँपल म्हणतात, ते वेगळे. हें शेवटचें मुद्रित. पुष्कळदां त्याचें स्टेपिंग विक्रीच्या मालाचेंच असतें, आणि मग वेग, ओळख, दुरुस्तीच्या आवृत्त्या ह्यांच्या बहुतेक तक्रारी गळून पडतात. हें मान्य केलेंच पाहिजे. दोन गोष्टी मात्र उरतात. मालकीचा प्रश्न शेवटच्या मुद्रितालाहि लागू आहे. आणि बाजारांत प्रत्येक विक्रेता आपल्या नमुन्याला शेवटचाच म्हणतो. त्याची शहानिशा फक्त प्रोसेसर चालवूनच होते. संगणकाची माहिती दाखविणाऱ्या लहानशा प्रणालींत स्टेपिंगचा आंकडा दिसतो. तो विक्रीच्या मालाच्या आंकड्याशीं ताडून पाहावा. पण त्यासाठीं आधीं चिप घरीं आली पाहिजे आणि तो महागडा मदरबोर्डहि.

ज्याला केवळ कुतूहल आहे, ज्याच्या संगणकावर कोणाचें काम अवलंबून नाहीं, अशा हौशी मनुष्याला वरच्यांतल्या निम्म्या गोष्टी लागू नाहींत. तो नमुना उघडून पाहील, कोठें अडतो तें टिपील, आणि त्यांतून पुस्तकांत न सांपडणारें ज्ञानहि मिळवील. त्यानें पुढें कोणाला तो विकूं मात्र नये, निदान नमुना आहे हें सांगितल्यावांचून तर नयेच. परंतु पदवी, पगार किंवा दुसऱ्याचा जीव ज्या उत्तरावर टांगलेला आहे, त्या उत्तरासाठीं हें यंत्र नव्हे.

मग गरजू विद्यार्थ्यानें करावें तरी काय ? मोठमोठ्या संगणक-गृहांतून तीन-चार वर्षें वापरून काढलेले विक्रीचे झीऑन आणि ए. एम. डी. चे एपिक प्रोसेसर जुन्या बाजारांत बरेच येतात. ते खऱ्या अर्थानें जुने : एकदां रीतसर विकलेले, नांव असलेले, ज्यांच्या दोषांच्या याद्या प्रसिद्ध आहेत असे. त्यांतहि डोळे उघडे ठेवावे लागतात. कांहीं एपिक प्रोसेसर पूर्वीं ज्या कंपनीच्या यंत्रांत होते त्याच कंपनीच्या मदरबोर्डाशीं कायमचे जखडलेले असतात आणि दुसरीकडे चालत नाहींत. म्हणून विक्रेत्याला आधीं तेंच विचारावें. दुसरा मार्ग म्हणजे गणितापुरता मोठ्या यंत्राचा वेळ भाड्यानें घेणें, किंवा मार्गदर्शकांमार्फत संस्थेच्या यंत्रावर मागणें. सी-डॅकनें १९९१ सालीं परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला तो पुण्यांतच, आणि आज आयसर पुणें ह्या संस्थेंत परम ब्रह्म आहे. गांवांत एवढे मोठे आड असतांना घरांत विहीर खणण्यापूर्वीं एकदां विचारून पाहाण्यांत कमीपणा नाहीं. मुलाला हा मार्ग फारसा रुचत नाहीं. आपल्या टेबलावर, आपल्या हातानें बांधलेल्या यंत्राची गोडी त्यांत नाहीं, हें त्याचें म्हणणें वडिलांनाहि पटतें.

म्हणून त्या घरांत एकच गोष्ट ठरते. मुलानें विक्रेत्याला लिहावें कीं, प्रोसेसरच्या झांकणावरचीं सर्व अक्षरें स्पष्ट दिसतील असें छायाचित्र पाठवावें. स्टेपिंग कोणतें, तें सांगावें. आणि हा प्रोसेसर त्याच्याकडे कोठून आला, तें लिहून द्यावें. मुलगा त्याच रात्रीं लिहितो.

दुसऱ्या दिवशीं सकाळींच उत्तर येतें. प्रोसेसर उत्तम आहे, शेवटच्या खेपेचा आहे, थोडेच नग उरले आहेत, असें त्यांत असतें. सोबत छायाचित्रहि असतें. वडील चष्मा लावून पाहातात. चिप स्वच्छ आहे, कोपरे शाबूत आहेत, खालचीं सोनेरी टोंकें चकचकीत आहेत. झांकणावरच्या चार ओळींपैकीं दोन मात्र काळ्या पट्टीखालीं आहेत.